आधी भांडण, मग पाई

डेलो इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा नापास झाला आणि दोन्ही वेळा राग मलाच आला. त्याला राग येत नाही, म्हणून आमच्या बेकरीत ते खातं माझ्याकडे आहे.

मी नोएलीन हॅड्रिक. मेलबर्नपासून गाडीने चार-पाच तासांवरच्या कूलाबिनमध्ये, गव्हाच्या सायलोसमोर, म्हणजे उंच कोठारासमोर, आमची बेकरी आहे. माझा नवरा केव्ह गेला, त्यानंतर मी बेकर शोधून शोधून थकले. पहाटे उठायचं म्हटलं की पोरांच्या अंगावर काटा येतो. एक आला तो पहिल्याच थंडीत पळाला, दुसरा तर एप्रन घेऊनच पळाला. मग फिलिपिन्समधल्या इलोइलोहून रोडेलियो मागबानुआ आला, आमचा डेलो. बरोबर बायको जेनेलिन आणि मुलगी प्रिन्सेस. वर्षभरात गाव त्याच्या पावाला असं चटावलं, की रविवारी बेकरी बंद असली तर लोक मागच्या दाराने येऊन विचारायचे, तुझी तब्येत बरी आहे ना. माझी तब्येत ठणठणीत होती, त्यांना पाव हवा असायचा. जेनेलिन वृद्धाश्रमात काम करते आणि प्रिन्सेस गावच्या नेटबॉल संघात गोल टाकते. ती नसती तर आमचा संघ कधीच तळाला गेला असता.

तर त्या तिघांचा व्हिसा तात्पुरता होता आणि तो संपत आला होता. कायमचा मिळवायचा तर तीन गोष्टी लागत होत्या. मालकाने, म्हणजे मी, सरकारकडे त्याला कायमचं मागायचं. त्याने वयाची पंचेचाळीस वर्षं पुरी व्हायच्या आत अर्ज करायचा. आणि इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं या चारहींत निदान सहा गुण मिळवायचे. ऐकण्या-वाचण्या-बोलण्यात त्याला सहाच्या वर पडायचे. लिहिण्यात साडेपाच. दुसऱ्यांदाही साडेपाच. सप्टेंबरात तो पंचेचाळीसचा होणार होता आणि जुलै उजाडला होता. आता एकच संधी उरली होती.

माझा तिळपापड व्हायचं आणखी एक कारण होतं, ते म्हणजे फिंटन. हा आयरिश गडी इथल्या एका मोठ्या शेतावर कापणीचं यंत्र चालवतो. त्यालाही मालकाने कायमचं मागितलं होतं. पण पासपोर्ट आयर्लंडचा, म्हणून परीक्षा माफ. फिंटन दुकानात येऊन काय मागतो ते मला तीन वर्षांत एकदाही पहिल्या खेपेला कळलेलं नाही. शेवटी तो बोटाने दाखवतो. आणि परीक्षा डेलोला. मी हे फिंटनला तोंडावर सांगितलं, तेव्हा तो लाजला, टोपी काढून काहीतरी लांबलचक बोलला. माफी मागितली असावी.

मग मी ऑड्री पॅस्कोला बोलावलं. ऑड्री आमच्या शाळेची जुनी मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन जमाना लोटला, पण ती दुकानात शिरली की आजही पन्नाशीचे बाप्ये पोट आत घेऊन सरळ उभे राहतात. तिने डेलोला विषय दिला: छोट्या गावांतल्या शाळा बंद करून मुलांना मोठ्या गावी पाठवावं का? त्याने दुपारभर बसून निबंध लिहिला. ऑड्रीने तो उभ्या उभ्या वाचला आणि चष्मा काढला.

"व्याकरण या रस्त्यावरच्या कोणाहीपेक्षा चांगलं आहे, नोएलीन. तुझ्यापेक्षा तर खूपच. पण हा माणूस आहे कोणाच्या बाजूने?"

मी वाचलं. शाळा बंद करा म्हणणारे बरोबर आहेत, त्यांनी खर्चाचा विचार केलाय. शाळा चालू ठेवा म्हणणारेही बरोबर आहेत, त्यांनी मुलांचा विचार केलाय. दोघांचंही मुलांवर प्रेम आहे आणि देव दोघांचंही भलं करो. संपला निबंध. प्रश्नात ठळक अक्षरांत विचारलं होतं की तुमचं स्वतःचं मत काय, आणि याने सगळ्यांना आशीर्वाद देऊन ठेवले होते. ऑड्रीने विचारलं, बाबा रे, तुला स्वतःला काय वाटतं? डेलोने हात पुसले, जरा विचार केला आणि अदबीने म्हणाला, "ऑड्री मॅडमना काय वाटतं?"

ऑड्री माझ्याकडे वळली. म्हणाली, याला इंग्रजी शिकवण्यात अर्थ नाही, ते येतंच. याला नाही म्हणायला शिकवायला हवं.

संध्याकाळी जेनेलिनने उलगडा केला. इलोइलोत म्हणे वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर 'तुमचं चुकतंय' म्हणणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकणं. आणि तिथली बोलीच इतकी गोड, की आई पोराला रागावते तेही अंगाईसारखं वाटतं. ती स्वतः बातांगासची. तिकडचे लोक रस्ता विचारतात तेसुद्धा भांडायला उठल्यासारखं. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण नवऱ्याशी एकही भांडण धड झालं नाही, दर वेळी आपणच दोन्ही बाजूंनी भांडतो, अशी तिची तक्रार होती. मला हसू आलं आणि तिथेच मला युक्ती सुचली.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर पाटी लावली: आधी भांडण, मग पाई. नियम साधा. गिऱ्हाइकाने एक मत ठोकून द्यायचं. डेलोने म्हणायचं, तुमचं चुकतंय. मग दोन कारणं, एक उदाहरण आणि मग मैद्याच्या पारीत खिमा भरून भाजलेली गरम पाई. ऑड्री कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गुण देणार.

पहिला आला फिंटन. तो काहीतरी म्हणाला, ऑड्रीने भाषांतर केलं: पाईवर टोमॅटो सॉस वरून ओतू नये, झाकण उचलून आत ओतावा. डेलोने मान खाली घातली. म्हणाला, तुमचं थोडंसं, कदाचित, म्हणजे तसं पाहिलं तर, पण आवड ज्याची त्याची आणि तुमची आवड छानच आहे. एवढं बोलून त्याने फिंटनच्या पिशवीत एक बन फुकट टाकला. ऑड्री म्हणाली, शून्य. फिंटन खूश होऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडायला आला.

आठवडाभर असंच चाललं. डेलो विरोध करायचा आणि समोरचा सत्कार झाल्यासारखा बाहेर पडायचा. पण हळूहळू गडी तापायला लागला. रेल्वे परत सुरू करावी म्हणणाऱ्या स्टेशनवेड्या म्हाताऱ्याला त्याने सांगितलं की गाडी आली तर तरुण पोरं तिच्यात बसून जातील, परत कोणी येणार नाही. म्हाताऱ्याने पाई तिथेच ठेवली आणि वाद घालायला बसला. फुटबॉलच्या कोचला हाकलावं असं कोणी म्हणालं, तर डेलोने कोचची बाजू अशी लढवली, की मागे रांगेत उभा असलेला कोच स्वतः लाल झाला. रांग दारातून बाहेर सायलोपर्यंत जायला लागली. महामार्गावरचे ट्रकवाले वाट वाकडी करून यायचे, घड्याळं उन्हाळ्यात एक तास पुढे करावीत की नाही यावर भांडायचे, हरायचे आणि हसत निघून जायचे. ऑड्रीच्या गुणांची गाडी दोनवरून चारवर, चारवरून पाचवर आली. मी पहाटे उठले की मनात पहिला विचार यायचा, आज कोण कोण भांडायला येणार. केव्ह गेल्यापासून दुकानात इतकी मजा आली नव्हती.

आणि मग एका सोमवारी, दुकान बंद केल्यावर, मला हुक्की आली. म्हटलं, सगळं गाव भांडून गेलं, मीच राहिले. डेलो ट्रे रचत होता.

"बोल माझ्याशी," मी म्हणाले. "माझं मत: केव्हची खिमा पाई या दुकानातली सगळ्यात उत्तम वस्तू आहे."

हे मी मुद्दाम काढलं होतं. केव्हची पाई त्याच्या कृतीने, त्याच्या मापाने, काडीचाही बदल न करता मी चालू ठेवली होती आणि डेलो गेली चार वर्षं ती मुकाट करत होता. मला वाटलं, बिचारा घसरेल, मी हसेन आणि घरी जाऊ. त्याने हातातला ट्रे खाली ठेवला.

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "तुमचं चुकतंय."

मग कारणं. एक, मिरी इतकी की मांसाची चव लागत नाही. दोन, चरबीच्या जागी स्वस्त मार्गारीन आहे, म्हणून तळ लाकडासारखा होतो. आणि उदाहरण. "लोक दोन पाई घेतात, मॅडम. एक खातात, एक कुत्र्याला घालतात. मी त्यांच्या गाड्यांत बघितलंय. ते तुमच्यासाठी घेतात." हे सगळं त्याच मऊ आवाजात.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण केव्हचं नाव तोंडातून काढू नकोस म्हणाले आणि शेवटी निघ म्हणाले. तो पांढरा पडला. एप्रन काढून खुंटीला लावला, मागचं दार आवाज न करता ओढून घेतलं आणि गेला. मी बेकरीत एकटी राहिले.

सकाळी तो नेहमीसारखा कामावर आला. पाव झाला, बन झाले, केव्हच्या पाईही झाल्या, पण आमच्यात शब्द नाही. थोड्या वेळाने मागच्या दारावर जेनेलिन आली. हातात शेवयांची परात, डोळे सुजलेले. ही बाई साधं गुड मॉर्निंगसुद्धा तावातावाने म्हणते, ती आज दाराबाहेरच उभी राहिली. तो रात्रभर जागा होता म्हणाली. मनापासून नव्हता बोलला, सराव म्हणून बोलला म्हणाली. मी म्हटलं, मनापासूनच बोलला, मला कळतं. तेव्हा तिने परात माझ्या हातात दिली आणि खरं काय ते विचारलं.

"मॅडम, तुम्ही त्याला मागणार ना? अर्ज करणार ना?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. भांडणाचा आणि अर्जाचा काय संबंध? आणि मग कळला. गेली चार वर्षं मी रेडिओ मोठा लावते, डेलोला चालतो. मी ओव्हन जुन्याच मापावर ठेवते, डेलोला पटतं. मी रविवारी बोलावते, डेलोला रविवार मोकळाच असतो. माझ्याशी दुसऱ्या कोणाचं इतकं जमत नाही, डेलोचं जमतं, याचा मला गर्व होता. आणि त्यांचं घर, प्रिन्सेसची शाळा, तिचा नेटबॉल, सगळं माझ्या एका सहीला टांगलेलं होतं. इलोइलोची रीत होतीच, पण त्याच्या होकारात माझ्या सहीची भीतीही होती.

"मी तशी वाटते तुला?" मी विचारलं.

"तुम्ही चांगल्या आहात," ती म्हणाली. "पण चांगल्या माणसाचंही डोकं फिरतं. तुमचं फिरलं तर आम्हाला जावं लागतं."

ती कामाला गेली. मी आत येऊन केव्हची एक पाई घेतली आणि उभ्या उभ्या खाल्ली. नुसती मिरी. घशात ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आलं, त्यात ठसक्याचं किती आणि केव्हचं किती, ते मला सांगता येणार नाही. शेवटच्या वर्षी केव्ह स्वतः आपली पाई सोडून दुपारी टोस्ट खायचा. मी ते बघत होते आणि बघितलं नाही असं करत होते.

त्याच दुपारी मी आमच्या हिशेबनीसाकडे गेले आणि डेलोला कायमचं मागण्याचा माझ्याकडचा अर्ज भरून टाकला. हिशेबनीस म्हणत होता, निकाल लागू द्या, डेलो नापास झाला तर फी बुडेल. मी म्हटलं, बुडू दे, तू बटण दाब.

परीक्षा गुरुवारी मेलबर्नला होती. मी त्याला माझ्याच गाडीतून नेणार असं जाहीर करून टाकलं. निघताना बघते तर जेनेलिनने फादरना घरी बोलावलं होतं. त्यांच्याकडे परीक्षेआधी पोरांच्या पेन्सिली चर्चमध्ये नेऊन मंत्रून आणतात. ही परीक्षा संगणकावर, पेन्सिल लागणार नाही, म्हणून तिने डेलोला दहाही बोटं पुढे करायला लावली आणि फादरनी त्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. मी म्हटलं, माझ्या गाडीच्या टायरांवरही शिंपडा, गरज आहे.

सायलो मागे पडला तसं मी त्याला सांगितलं. माझ्याकडचा अर्ज मंगळवारीच गेला. तो मी मागे घेणार नाही, मेलेल्या नवऱ्याची शपथ. तू आता मला काहीही बोललास तरी तुझं काही बिघडत नाही.

"आता भांड," मी म्हणाले. "खरं खरं."

स्टॉवेल गाव मागे पडलं. मग घसा खाकरून तो सुरू झाला. ओव्हनचं दार नीट बसत नाही, अर्धी आच बाहेर जाते, मी चार हिवाळे सांगायचं म्हणतोय. रेडिओ. रविवार. व्हॅनिलाच्या वडीत जिलेटिन जास्त. उभ्या गिऱ्हाइकासमोर तुम्ही मला अरे म्हणता ते चालतं, पण प्रिन्सेससमोर नको. मीही काही कमी नव्हते. ओव्हनच्या दारावरून मी त्याला झोडपलं, त्याने मला झोडपलं. जिलेटिनवर तर आम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतो. मध्येच तो म्हणाला की मी गाडी फार वेगाने चालवते, आणि मी आणखी जोरात चालवली. बॅलरॅटला कॉफीला थांबलो तेव्हा आमचे घसे बसले होते आणि कॉफीवाली पोरगी आमच्याकडे घाबरून बघत होती. मला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. शनिवारी सामन्याला मैदानावर आमचा स्टॉल असतो, तिथल्या पाई त्याच्या पद्धतीने करायच्या, हेही मी कबूल केलं, पण एकच शनिवार, असं बजावलं.

बॅलरॅट सोडलं आणि माझ्या मनात खोल बसलेलं बाहेर आलं. मी म्हणाले, "माझं एक मत आहे. व्हिसा मिळाला की वर्षभरात तू मेलबर्नला जाशील. पगार जास्त, तुमची माणसं तिथे, चर्च तिथे. सगळे जातात. मी तुझ्या जागी असते तर मीही गेले असते. बोल, चुकतंय माझं?"

डेलो गप्प झाला. दोन तास तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस समोरच्या रस्त्याकडे बघत बसला, हात मांडीवर, ओठ मिटलेले. मी जरा वाट बघितली. मग रेडिओ लावला, मोठ्ठा, आणि त्यानेही तो कमी करा म्हटलं नाही. उत्तर मिळालं होतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण माणूस खोटं बोलला नाही याचं बरंही वाटलं.

परीक्षा संपवून तो बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने भिजला होता. निबंधाला काय आलं होतं विचारलं. लोकांनी म्हातारपणी किती वयापर्यंत कामावर राहावं, असा विषय होता. मी सदुसष्टची आहे.

"मग तू दोन्हीकडून लिहिलंस?"

"नाही. एक बाजू घेतली."

"कुठली?"

"तुम्हाला आवडणार नाही," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

शनिवारी आमच्या फुटबॉल संघाचा उपांत्य सामना होता. आमच्याकडे मैदानाभोवती गाड्या नाकं आत करून लावतात, माणसं बॉनेटवर बसतात आणि आपल्या संघाचा गोल झाला की सगळे हॉर्न वाजवतात. शेजारच्या कोर्टावर मुलींचा नेटबॉल. आमचा स्टॉल दोन्हींच्या मध्ये. डेलोच्या पाई मध्यंतराच्या आधीच संपत आल्या होत्या. ऑड्रीने एक खाल्ली, दुसरी मागितली आणि मला म्हणाली, केव्ह असता तर त्यानेही दुसरी मागितली असती. मी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत.

फुटबॉलमध्ये आम्ही सपाटून मार खात होतो. गोल होत नव्हता, हॉर्न मुके होते. तेवढ्यात डेलोचा फोन वाजला. मेल. त्याचा एक हात पाईच्या गरम कपाटात होता आणि तो तिथेच राहिला. भाजेल, हात काढ, मी म्हणाले. त्याने हात काढला, फोन जेनेलिनला दिला आणि पाठ फिरवून उभा राहिला. मी जेनेलिनचा चेहरा बघत होते. ऐकणं सात. बोलणं सात. वाचणं साडेसहा. तिचा अंगठा पडद्यावरून सरकत होता.

लिहिणं सहा.

बातांगासच्या बाईने जी आरोळी ठोकली ती सायलोला आपटून परत आली असेल. फिंटन आपल्या गाडीच्या खिडकीत बसून पाई खात होता. त्याला कळलं आणि त्याने हॉर्नवर हात दाबून धरला. शेजारच्या गाडीला वाटलं, गोल झाला. त्याने वाजवला. मग त्याच्या शेजारच्याने. बघता बघता मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या गाड्या बोंबलायला लागल्या. आमची पोरं चेंडू सोडून फलकाकडे बघायला लागली. पंचाने खेळ थांबवला. कोच धावत कुंपणापाशी आला आणि विचारायला लागला, गोल कोणी केला, कोणी केला? आणि ऑड्री पॅस्को, जिने आयुष्यभर मुलांना बाकावर चढू दिलं नाही, ती बाकावर उभी राहून ओरडली, "डेलोने!" मग काय, ज्यांना कळलं त्यांनी पुन्हा वाजवले. कोर्टावर प्रिन्सेस चेंडू हातात धरून, नेम धरून उभी होती. तिने हॉर्न ऐकले, वळून आईकडे बघितलं, तिला सगळं समजलं, आणि तिने तो चेंडू जाळीच्या हातभर बाजूला मारला. कोणी तिला बोललं नाही. डेलो पाईच्या रिकाम्या कपाटाला टेकून रडत होता आणि मी त्याच्या पाठीवर थापट्या मारत होते, जरा जास्तच जोरात.

रविवारी त्याचा अर्ज गेला, वाढदिवसाच्या आत. मग वाट बघणं. वसंत गेला, कापणी झाली, डिसेंबर-जानेवारीतला आमचा उन्हाळा तापला. ओव्हनला नवं दार बसलं. एक शनिवार म्हटलेली पाई रोजची झाली. भांडणं चालूच राहिली, कारण पाटी काढू म्हटलं तर गावच माझ्याशी भांडलं. आणि मी कोणालाही न सांगता हॉर्शम गावातल्या एका दलालाला फोन करून ठेवला, की बेकरी विकत घेणारं गिऱ्हाईक आलं तर कळव. तो जाणार, तेव्हा मला नव्याने बेकर शोधायची ताकद नव्हती. डेलोला यातलं काही माहीत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, दुकानात रांग लागलेली असताना, तो आतून बाहेर आला. कोपरापर्यंत पीठ, हातात फोन. मंजूर. तिघांनाही. कायमचा. मी काउंटरच्या बाहेर जाऊन त्याला मिठी मारली, माझं काळं ब्लाउज पांढरं झालं आणि रांगेने टाळ्या वाजवल्या. मग मी धीर करून विचारलं, मेलबर्नला कधी निघणार, मला फक्त जरा आधी सांग.

त्याने फोन खिशात ठेवला.

"बॅलरॅटच्या पुढे तुम्ही मला म्हणाला होतात, व्हिसा मिळाला की तू जाशील. मी गप्प बसलो."

"आठवतं," मी म्हणाले.

"तेव्हा मी नाही म्हटलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं हा व्हिसासाठी गोड बोलतोय. मलाही तसंच वाटलं असतं." त्याचा आवाज नेहमीइतकाच मऊ होता. "आज मला तुमच्या सहीची गरज नाही. कुणाच्याच सहीची नाही. म्हणून आज सांगतो. तुमचं चुकतंय, नोएलीन."

मॅडम नाही. नोएलीन. मी काउंटरची कड धरली. मग नियमाप्रमाणे विचारलं.

"कारणं?"

"दोन आहेत आणि एक उदाहरण," डेलो म्हणाला. "आधी पाव काढतो, नाहीतर करपेल."

तो आत गेला. रांगेतल्या कोणीही पाई मागितली नाही. सगळे कारणं ऐकायला थांबले होते.